लोकसंगीताच्या नव्या अल्बमचे परीक्षण कसे लिहावे

मराठवाड्यात लोकसंगीताची नवी ध्वनिमुद्रणे पंचांग पाहून येतात. घटस्थापनेच्या आधी आराध्यांची आणि गोंधळाची गाणी, आषाढीच्या तोंडावर अभंग, चंपाषष्ठीला खंडोबाची गाणी, होळीला बंजारा तांड्यावरच्या लेंगी आणि 14 एप्रिलच्या आधी भीमगीते असा हा क्रम ठरलेला आहे. त्यात अलीकडे छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर अशा शहरांतली मुलेमुली गिटार आणि काहोन (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) घेऊन जे अकूस्टिक, म्हणजे विजेच्या वाद्यांशिवायचे, अल्बम करतात त्यांचीही भर पडली आहे. एवढे सगळे येत असताना त्याविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा प्रकाशन सोहळ्याची बातमी असते किंवा ओळखीच्या माणसाने केलेली भलामण असते. बातमीतून अल्बम आला एवढे कळते आणि भलामणीतून लिहिणाऱ्याची ओळख कोणाशी आहे ते कळते. अल्बम ऐकावा की नाही, आणि ऐकला तर त्यात कशाकडे कान द्यावा, हे दोन्हींतून कळत नाही.

लोकसंगीताचे परीक्षण करणाऱ्याने एक प्रश्न सतत हाताशी ठेवावा, असे माझे मत आहे. हे गाणे ध्वनिमुद्रित होण्याआधी कुठे, कोणासमोर आणि कोणत्या कामासाठी म्हटले जात होते, आणि ध्वनिमुद्रणात त्याचे काय झाले? गोंधळ हा कुलाचार आहे, ओवी दळणाबरोबर म्हटली जाते, भारूड कीर्तनाच्या आवारात उभे राहते आणि हलगी मिरवणुकीत चालता चालता वाजते. स्टुडिओत यातले काहीच नसते. म्हणून काही गोष्टी गळणारच आणि काही नव्या येणारच. त्यातले काय राखले, काय सोडले आणि जे नवे आणले त्याने गाण्याचे भले झाले का, हे सांगणे हेच परीक्षणाचे काम आहे. नव्याने लिहिलेल्या अकूस्टिक गाण्यांना मागची परंपरा नसते, तेव्हा तिथे प्रश्न थोडा बदलतो: मोजकीच वाद्ये घेण्याचा निर्णय शब्दांच्या आणि चालीच्या गरजेतून आला आहे, की केवळ तशी तऱ्हा सध्या चालते म्हणून?

ऐकण्यापूर्वी

अल्बम हाती आल्यावर प्रथम त्याची श्रेयनामावली मिळवावी. स्ट्रीमिंगवर बहुधा गायकाचे आणि कंपनीचे नाव दिसते. गीतकार, वादक, ध्वनिमुद्रण करणारा आणि मुद्रणाचे ठिकाण यांची नावे शोधावी लागतात किंवा विचारावी लागतात. कंपनीला किंवा कलाकाराला लेखी विचारलेले बरे, कारण उत्तर जपून ठेवता येते आणि पुढे वाद झाला तर दाखवता येते. संबळ कोणी वाजवले हे विचारल्यावर ‘ते कीबोर्डवरचे आहे’ असे उत्तर आले, तर परीक्षणाचा एक मुद्दा तिथेच हाती येतो.

त्यानंतर आपण स्वतः कुठे उभे आहोत ते तपासावे. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी कलाकार, स्टुडिओवाला आणि समीक्षक हे तिघे एकाच चौकात चहाला भेटतात, त्यामुळे परक्या माणसाइतके तटस्थ राहणे शक्य नसते, आणि ते शक्य असल्याचा आव आणण्यात अर्थही नाही. गायक आपला नातेवाईक असेल किंवा अल्बमला आपण पैसे, जागा अथवा सल्ला दिला असेल तर परीक्षण दुसऱ्याला लिहू द्यावे. केवळ ओळख असेल तर ती पहिल्या परिच्छेदातच एका वाक्यात सांगून टाकावी. प्रकाशन समारंभात मिळालेले पाकीट मात्र परत करावे. ते घेऊन लिहिलेला मजकूर जाहिरात असतो आणि तो जाहिरात म्हणूनच छापावा.

तयारीचा तिसरा भाग अभ्यासाचा आहे आणि तो सर्वांत अधिक वेळ मागतो. ज्या प्रकाराचा अल्बम आहे तो प्रकार त्याच्या मूळ जागी निदान एकदा पुरता ऐकलेला असावा. तुळजापूरला नवरात्रात, माहूरच्या गडावर, लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत किंवा आपल्याच गल्लीत लग्नानंतर घातलेल्या गोंधळात हे ऐकायला मिळते, आणि त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. अभ्यासकांचे लेखनही उपलब्ध आहे. छत्रपती संभाजीनगरला राहून लोकसाहित्याचा आणि भटक्या जमातींच्या कलांचा अभ्यास करणारे प्रभाकर मांडे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची पुस्तके मराठवाड्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत विचारून पाहावीत. ओव्यांसाठी तर मोठे दालन खुले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या, आणि त्यांतल्या अनेक ओव्यांचे मूळ ध्वनिमुद्रण ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावरच्या संग्रहात कोणालाही ऐकता येते. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात 1996 साली मुद्रित केलेल्या, बाबासाहेबांवरच्या आणि बुद्धावरच्या ओव्याही आहेत. ओव्यांच्या नव्या अल्बमवर लिहिणाऱ्याने हे ऐकलेले नसेल, तर तुलना कशाशी करायची हेच त्याला कळणार नाही.

कानाने काय टिपावे

पहिल्या वेळी अल्बम सलग, दिलेल्या क्रमाने आणि हातात कागद न घेता ऐकावा. क्रम हा करणाऱ्याचा निर्णय असतो. गण किंवा नमन आधी, आख्यान मध्ये आणि आरती शेवटी अशी रचना असेल तर ती जाणवायला हवी, आणि गाणी कशीही ओतलेली असतील तर तेही जाणवते. दुसऱ्या वेळी वहीत मिनिट आणि सेकंदासह नोंदी कराव्यात. ‘तिसरे गाणे, 2:10, संबळ थांबते, फक्त तुणतुणे’ एवढी नोंद पुरते. लिहिताना हीच नोंद आपल्या मताला आधार देते, आणि वाचकालाही तिथे जाऊन स्वतःच्या कानाने खात्री करता येते.

हे दुसरे ऐकणे तारेच्या हेडफोनवर किंवा बऱ्या स्पीकरवर व्हावे, कारण मोबाइलचा बारका स्पीकर साधारण 200 हर्ट्झच्या खालचे फारसे ऐकवत नाही आणि संबळाचा किंवा पखवाजाचा खर्जाचा भाग नेमका त्याच पट्ट्यात असतो. तिसऱ्या वेळी मात्र मुद्दाम मोबाइलवरच ऐकावे, आणि जमल्यास जीपमध्ये किंवा ट्रॅक्टरच्या टेपवरही ऐकावे, कारण या अल्बमचा खरा श्रोता तिथेच बसलेला असतो. तिथे शब्द कळतात का? ढोलकीच्या भाराखाली बाईचा आवाज बुडतो का? दोन अल्बमची तुलना करायची असेल तर दोन्हींचा आवाज कानाने सारखा करून घ्यावा. मोठ्याने वाजणारे गाणे अधिक चांगले वाटते, ही कानाची जुनी खोड आहे. स्ट्रीमिंगवाले गाण्यांची पातळी एकसारखी करतात, स्पॉटिफायवर ती उणे 14 लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायच्या एककाच्या) आसपास असते. पण कलाकाराने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या फाइलला तो नियम लागू नसतो, आणि तशी फाइल ऐकून ध्वनिमुद्रणाच्या दर्जावर मत देऊ नये.

आता वाद्यांकडे वळू, कारण लोकसंगीताच्या परीक्षणात सर्वांत ढिलाई इथेच दिसते. ‘पारंपरिक वाद्यांचा सुरेख वापर’ असे लिहून मोकळे होणाऱ्याने बहुधा वाद्ये ओळखलेलीच नसतात. संबळ ही दोन तोंडांची जोडी आहे. एक आवाज उंच आणि सुका, दुसरा खोल, आणि वाजवायच्या काड्यांपैकी एक टोकाला वाकलेली असते. हाताने वाजवलेल्या संबळात कोणतेही दोन आघात तंतोतंत सारखे पडत नाहीत. जोर थोडा कमीजास्त होतो, गायक वर चढला की वादकही चढतो. संगणकातल्या साठवलेल्या तुकड्यांतून उभा केलेला संबळ प्रत्येक आवर्तनाला तोच आघात त्याच जोराने देतो. सलग वीस सेकंद फक्त संबळाकडे लक्ष दिले की हा फरक कोणालाही कळतो, आणि एकदा कळला की पुढे तो ऐकू आल्याशिवाय राहत नाही.

तुणतुण्याला एकच तार असते आणि ती गायकाच्या षड्जाला लावलेली असते. त्याचे काम स्वर धरून ठेवण्याचे आहे तसेच लय टोचत राहण्याचेही आहे. मिश्रणात ते इतके मागे ढकललेले असते का, की केवळ दिखाव्यापुरते उरते? चौंडके हे आराध्यांचे तारेचे वाद्य, दिमडी आणि हलगी ही कातड्याची; त्यांचे प्रश्न निराळे. हलगी वाजवण्याआधी विस्तवावर शेकतात, कारण कातडे तापले की ताणले जाते आणि आवाज कडक होतो. वातानुकूलित खोलीत तीच हलगी लवकर उतरते. आता बऱ्याच हलग्यांना फायबरचे पान असते. ते शेकावे लागत नाही, पावसात भिजत नाही आणि फार कडकडते. फायबर वापरले म्हणून अल्बमला नावे ठेवण्याचे कारण नाही, कारण मिरवणुकीत वाजवणारे कलाकारच ते पसंत करतात. पण त्या कडकडाटाला स्टुडिओत आवरले आहे की तो सगळ्या गाण्यावर पसरला आहे, हे सांगावे. पखवाजाबाबत मराठवाड्याच्या समीक्षकाला कच्चे राहून चालणार नाही, कारण अंबाजोगाईजवळच्या आपेगावने पद्मश्री शंकरबापू आपेगावकर आणि पुढे उद्धवबापू आपेगावकर असे पखवाजवादक दिले आहेत. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भिजवलेली कणीक लावतात आणि त्यातून तो ओलसर, घुमणारा खर्ज निघतो. अभंगाच्या अल्बममध्ये हा खर्ज ऐकू येत नसेल तर एकतर माइक चुकीच्या जागी होता किंवा वाजते ते वाद्य पखवाज नव्हे.

पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, मुद्दा नाजूक आहे. पेटीचे स्वर कारखान्यात ठरलेल्या अंतरांवर बसवलेले असतात आणि लोकगायक त्या अंतरांना बांधलेला नसतो. त्याचा गंधार कधी पेटीच्या गंधाराच्या किंचित खाली राहतो आणि तेच त्याच्या चालीचे रूप असते. आकाशवाणीने 1940 पासून सुमारे तीन दशके पेटीला दूर ठेवले होते आणि त्या वादात हाही एक मुद्दा होता. आज पेटीशिवाय आपले भजनी मंडळ उभे राहत नाही, त्यामुळे तो जुना वाद उकरून काढण्यात अर्थ नाही. गायक आणि पेटी एकमेकांशी भांडत आहेत का, आणि त्यावर उपाय म्हणून संगणकाने गायकाचा आवाज ओढून पेटीच्या पट्टीवर बसवला आहे का, एवढे मात्र तपासावे. असा ओढलेला आवाज स्वरावरून स्वरावर घसरत जात नाही, तो पायरीवर पाय ठेवल्यासारखा खटकन बसतो. गिटारच्या साथीतल्या अभंगांत आणि ओव्यांत हे वारंवार आढळते, कारण गिटारच्या पट्ट्याही तशाच ठरलेल्या असतात.

आवाजाविषयी लिहिताना झीलकऱ्यांना विसरू नये. गोंधळात आणि शाहिरीत मुख्य गायकाची ओळ उचलणारे, तिला उंच सुरात धरून ठेवणारे हे साथीदार गाण्याचा अर्धा भार वाहतात. खर्च वाचवण्यासाठी स्टुडिओत एकाच गायकाचा आवाज चार वेळा घेऊन झील तयार करतात आणि मग प्रश्न व उत्तर एकाच गळ्यातून येते. श्रोत्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी मिटल्यासारखे वाटते. ते कारण समीक्षकाने सांगावे. बोलीचेही तसेच आहे. ‘काय करायलास’ असे घरी बोलणारा गायक माइकसमोर पुस्तकी मराठीत आला की शब्दांची वजने बदलतात आणि चाल लंगडते. उलट दिशेची चूकही होते: शहरात वाढलेले गायक गावरानपणा दाखवायला प्रत्येक ‘ण’चा ‘न’ करतात. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा आणि उदगीर-निलंग्याकडे कानडीचा शेजार आहे, तांड्यावर बंजाऱ्यांची गोरमाटी आहे, खुलताबादच्या उरुसात दखनी आहे. मराठवाड्याची एकच बोली असल्यासारखे लिहू नये.

ओवीचे उदाहरण जवळून पाहू. जात्यावर बसलेली बाई ओवीची पहिली ओळ म्हणते, बहुधा ती पुन्हा घोळवते, मध्ये ‘बाई’, ‘गं’ असे शब्द घालून जात्याच्या फेऱ्याशी जुळवून घेते आणि मगच पुढच्या ओळीला जाते. ओळ संपते तिथे स्वर अचानक खाली सोडलेला असतो, कारण श्वास दळण्यात खर्च होत असतो. दोघी समोरासमोर बसलेल्या असतील तर एकीची ओळ दुसरी उचलते आणि पहिलीला दम खायला वेळ मिळतो. या गाण्याची लय जात्याच्या पाळीची असते. मूठभर दाणे घालताना ती सैल पडते, पाळी हलकी झाली की पुढे धावते. आता हीच ओवी चार-चार मात्रांच्या ठरीव गिटारवर बसवली की श्वास समेवर येऊ लागतो, भरीचे शब्द अनावश्यक वाटून गळतात आणि चार ओव्यांचे एक गोळीबंद गाणे होते. ते गाणे वाईट असेलच असे नाही. पण जो सैलपणा गेला त्याच्या जागी काय आले? गायिकेने शब्दांवर नवा विचार केला आहे का, दोन ओव्यांमधल्या मोकळ्या जागेत गिटारने काही म्हटले आहे का? परीक्षणाचा सगळ्यात कसदार परिच्छेद इथे लिहिता येतो. तो ‘जुने ते सोने’ म्हणून टाळू नये आणि ‘नव्या पिढीचा स्तुत्य प्रयत्न’ म्हणूनही उरकू नये.

लांबीचा विचार याच ओघात करावा. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे बसत आणि तेव्हापासून गाण्याचा साचा ठरत गेला. कॅसेटने एका बाजूला अर्धा तास दिला आणि आख्याने पुन्हा ऐसपैस झाली; जुन्या कॅसेटांवर एक कथा दोन्ही बाजूंना पसरलेली आढळते, ती यामुळेच. स्पॉटिफायसारख्या मंचावर गाणे 30 सेकंद वाजले तरच ते ऐकले गेले असे मोजतात, त्यामुळे करणाऱ्यांचा ओढा मुखडा लवकर आणण्याकडे असतो. याचा पहिला फटका गोंधळातल्या आवाहनाला बसतो. तुळजापूरच्या भवानीपासून माहूरच्या रेणुकेपर्यंत एकेका ठाण्याच्या दैवताला गोंधळाला बोलावण्याचा तो लांब भाग चौक भरल्यानंतरच्या (पूजेची मांडणी झाल्यानंतरच्या) विधीचा असतो. तो दोन नावांवर आणून थेट ठेक्यात उडी मारली की गोंधळाचे भक्तिगीत होते. परभणीचे राजारामबापू कदम यांनी गोंधळ व्यासपीठावर आणला तेव्हा त्यांनाही वेळेचे भान ठेवावे लागलेच असणार, म्हणून कापणे हा गुन्हा मानू नये. काय कापले आणि ते कापताना विधीचा क्रम कळलेला होता का, ते पाहावे.

गाणे कोणाचे

श्रेयनामावलीत ‘पारंपरिक’ असे लिहिलेले दिसले की तिथे थांबावे. त्यात खरोखरच कर्ता हरवलेले गाणे असू शकते. पण ते एखाद्या हयात शाहिराचे किंवा चाळीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटवरच्या गायकाचे गाणेही असू शकते, ज्याचे नाव कोणी विचारले नाही. भीमगीतांत हे फार घडते. लोककवी वामनदादा कर्डकांच्या ओळी त्यांच्या नावाशिवाय फिरताना आढळतात. उलट प्रकारही आहे: पिढ्यान्‌पिढ्या गोंधळ्यांच्या तोंडी असलेल्या पदाखाली ‘गीत-संगीत’ म्हणून निर्मात्याचे नाव असते. शक्य तिथे जुने मुद्रण किंवा छापील संग्रह शोधून ताडून पाहावे, आणि निश्चित पुरावा असेल तरच परीक्षणात लिहावे. नुसता संशय असेल तर कलाकाराला प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर छापावे.

कायद्याचे थोडे ज्ञान उपयोगी पडते. प्रताधिकार अधिनियम 1957 च्या कलम 52 नुसार समीक्षेसाठी कलाकृतीचा रास्त वापर करता येतो, म्हणून मुद्दा पटवण्यापुरत्या एक-दोन ओळी उद्धृत करायला हरकत नाही. अख्खे गाणे छापणे त्यात बसत नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षे टिकतो, त्यामुळे चाल परंपरेची असली तरी एखाद्या कंपनीचे मुद्रण त्या कंपनीचेच असते. सादरकर्त्यांचे हक्क 1994 च्या दुरुस्तीने कायद्यात आले, आणि 2012 च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जावे हा त्यांचा हक्क मान्य झाला. वादकांची नावे विचारणारा समीक्षक फार चौकस आहे असे कोणाला वाटले, तर त्याने हे लक्षात घ्यावे.

यात जातीचा प्रश्न टाळता येत नाही. आपल्याकडे संबळ, हलगी, किंगरी, दिमडी ही वाद्ये कोणाच्या हातात होती आणि ती वाजवणाऱ्याला पंगतीत कुठे बसवत होते, हे वाचकाला ठाऊक असते. डक्कलवार या भटक्या जमातीतल्या वादकाची किंगरी (तारेचे वाद्य) ‘अनवट ध्वनी’ म्हणून गाण्याच्या सुरुवातीला वीस सेकंद वापरायची आणि वाजवणाऱ्याचे नाव गाळायचे, हा प्रकार दिसला तर तो संगीताच्या गुणवत्तेइतक्याच ठळकपणे नोंदवावा. मुरळी, जोगतीण, पोतराज यांच्या गाण्यांवर लिहिताना त्या जगण्यातले दैन्य रंगीत करून सांगू नये. त्याचबरोबर, कलाकार अमुक समाजाचा आहे म्हणून त्याचे गाणे खरे आणि दुसऱ्याचे खोटे, असा निकालही कानाने ऐकल्याशिवाय देऊ नये.

लिहायला बसताना

पाचशे ते सातशे शब्द पुरतात. पहिल्या परिच्छेदात अल्बम कोणाचा, कोणत्या प्रकारचा, किती गाण्यांचा आणि आपले मत काय हे चारही यावे. मत शेवटच्या ओळीपर्यंत दडवून ठेवले तर बहुतेक वाचक तिथवर पोचतच नाहीत. सगळ्या गाण्यांचा पाढा वाचू नये. तीन गाणी निवडावीत, त्यांतले एक फसलेले असावे, आणि त्यांच्यावर सविस्तर लिहावे.

समजा, सात आराधी गाण्यांचा एक अल्बम आला आहे. त्याविषयी असे लिहिता येईल: ‘मातीचा सुगंध असलेली ही गाणी काळजाचा ठाव घेतात. गायिकेचा आवाज गोड असून संगीत श्रवणीय आहे.’ हे कोणत्याही अल्बमला चिकटवता येते, त्यामुळे ते कोणत्याच अल्बमविषयी नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘दुसऱ्या गाण्यात गायिका पहिली दोन कडवी केवळ तुणतुण्यावर म्हणते आणि झांज तिसऱ्या कडव्याला येते; तोवर शब्द पूर्ण कळलेले असल्यामुळे पुढचा वेग अंगावर येत नाही, सोबत नेतो. पाचव्या गाण्यात हा संयम सुटला आहे. 1:40 ला सुरू होणारा कीबोर्ड शेवटपर्यंत थांबत नाही आणि झीलकरी बायकांचा आवाज, जो या अल्बमचा सर्वांत सच्चा भाग आहे, त्याच्यामागे जातो.’ या दुसऱ्या मजकुरात एकही विशेषण फुकट गेलेले नाही, आणि ज्याला मत पटत नाही त्याला गाणे लावून भांडता येते. समीक्षकाशी भांडता येणे ही वाचकाची मोठी सोय आहे.

दोष सांगताना पैशाची कमतरता आणि विचाराची कमतरता यांत फरक करावा. घरातल्या खोलीत गोधड्या लटकवून केलेल्या मुद्रणात पंख्याची घरघर आली किंवा बाहेरून गाडी गेल्याचे ऐकू आले, तर ते एका वाक्यात सांगून पुढे जावे. मोठ्या कंपनीने, चांगल्या स्टुडिओत, नामवंत गायकाकडून तीच घिसीपिटी चाल आणि तोच साठवलेला ठेका पुन्हा दिला असेल, तर तिथे मात्र हात आखडता घेऊ नये. पहिल्यांदा मुद्रण करणाऱ्या साठीच्या आराधीण बाईला आणि दहावा अल्बम करणाऱ्या गायकाला एकाच मापाने मोजणे मला न्यायाचे वाटत नाही. तरीही गाणे बेसूर असेल तर ते बेसूर आहे, एवढे दोघांनाही सांगावे लागते. तारांकन मी टाळतो. गोंधळाला साडेतीन तारे आणि अभंगाला चार, या हिशेबातून काहीच निष्पन्न होत नाही. संपादकाने आग्रहच धरला तर द्यावेत, पण मजकूर त्यांच्याशी विसंगत नसावा.

लिहून झाल्यावर निदान एक रात्र मजकूर तसाच ठेवावा आणि सकाळी अल्बम पुन्हा एकदा लावून प्रत्येक मिनिट-सेकंदाची खूण तपासावी. नावांचे शुद्धलेखन कलाकाराकडून लेखी पडताळून घ्यावे. प्रत्यक्ष मजकूर मात्र छापण्याआधी त्याला दाखवू नये, कारण तो बदलण्याचा आग्रह होतो आणि मग नात्यात आणि लेखनात दोन्हीकडे कटुता येते. प्रसिद्ध झाल्यावर फोन येतील. वाद्य किंवा नाव चुकल्याचे दाखवून दिले तर दुरुस्ती तारखेसह मजकुराखालीच लावावी आणि मूळ वाक्य गुपचूप बदलू नये. मताबद्दल राग असेल तर शांतपणे ऐकून घ्यावे आणि मत तसेच ठेवावे. अल्बमची फाइल, श्रेयनामावलीची पत्रे आणि नोंदींची वही एकत्र जपावी, कारण त्याच गायकाचा पुढचा अल्बम पुढच्या घटस्थापनेला येणार असतो आणि तुलनेसाठी तेव्हा हेच कागद लागतात.